काच फुगत नाही

लग्नसराई सुरू झाली की औराद-संतपूर रस्त्यावर छत उघडलेल्या गाड्या दिसायला लागतात. छताच्या चौकोनातून नवरदेवाचा फेटा वर आलेला असतो, नाहीतर वरातीतली पोरं कमरेपर्यंत बाहेर येऊन ओरडत असतात. बघणाऱ्यांचं लक्ष फेट्याकडं जातं. माझं जातं काचेच्या कडेनं बसवलेल्या काळ्या रबराकडं. उन्हाळ्यात सनरूफ अडकायला लागतं तेव्हा दुखणं बहुतेक वेळा त्या रबरात, नाहीतर त्याच्याखालच्या पन्हळीत असतं. आळ मात्र काचेवर येतो. "ऊन लागून काच फुगली," हे आमच्या भागात मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि इतक्या ठामपणे, की त्याबद्दल एकदा सविस्तर लिहावं असं फार दिवस मनात होतं.

चिंताकी हे बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातलं गाव. कचेरीत कानडी, घरात मराठी, बाजारात दखनी. तालुक्याला एका अंगानं महाराष्ट्र लागतो, दुसऱ्या अंगानं तेलंगण. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा निजामाच्या काळातला जुना बिदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडं गेले, नारायणखेड-जहीराबाद दुसरीकडं, आणि आम्ही इथं राहिलो. सोयरिकी काही वाटल्या गेल्या नाहीत. म्हणून आमच्याकडचं लग्न म्हटलं की गाडी निघते हैदराबादहून, वऱ्हाड भरतं चिंताकीत आणि अक्षता पडतात उदगीरला.

ऊन या सगळ्या टापूत कडक. खाली कलबुर्गीकडं मे महिन्यात पारा 43-44 अंशांपर्यंत सहज जातो. बिदर पठारावर आहे, म्हणून इथं दोन-तीन अंश कमी, एवढंच समाधान. बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बिदरला आणली, त्यामागं इथली बरी हवा हेही एक कारण सांगतात. पण बंद गाडीला पठाराचा फायदा मिळत नाही. सावलीतला पारा 41 असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तासाभरात 60 च्या पुढं जातं, आणि गडद रंगाच्या छताला तर हात लावता येत नाही. सनरूफ नेमकं त्या छतात बसवलेलं असतं. गाडीचा दुसरा कुठलाही हलता भाग इतका वेळ, इतक्या थेट उन्हात पडून राहत नाही.

माझा भाचा हैदराबादला नोकरीला आहे. त्यानं घेतलेल्या गाडीला सनरूफ आहे, आणि मे महिन्यात उदगीरच्या एका लग्नाला ती दुपारभर मंगल कार्यालयासमोर उभी होती. निघताना पोरांनी हट्ट केला म्हणून छत उघडलं. थोडं कुरकुरत, पण उघडलं. बंद करायला गेला तर काच अर्ध्याच्या पुढं आली, क्षणभर थांबली आणि आपण होऊन मागं गेली. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. चार-सहा वेळा दाबल्यावर तर मोटारीनं आवाज देणंही सोडलं. "मामा, काच फुगली काय की," भाचा म्हणाला.

अशा वेळी मंडळी गोळा होतात, आणि मनापासून मदत करतात. एकानं गार पाण्याची बाटली आणली, काचेवर मारू म्हणाला. त्याला मी हात धरून थांबवलं. तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी पडलं आणि कडेला कुठं बारीकसा टवका गेलेला असला तर अख्खी काच दाण्या-दाण्यांनी खाली येऊ शकते. दुसऱ्यानं स्वयंपाकघरातून गोडेतेल मागवलं. तिसरा वरून दोन्ही हातांनी काच रेटायला निघाला होता. शेवटी गाडी कार्यालयामागच्या सावलीत नेली, दारं उघडी टाकली आणि सगळे चहाला गेलो. दिवस कलल्यावर बटण दाबलं तर काच गुमान येऊन जागेवर बसली. दुसऱ्या दिवशी चिंताकीत भर दुपारी पुन्हा अडकली.

सकाळ-संध्याकाळ चालतं आणि दुपारी अडतं, ही खूण फार मोलाची आहे. पन्हळीत खडा अडकला असता, तार तुटली असती, फ्यूज गेला असता तर गाडीनं सकाळ आणि दुपार असा भेद केला नसता. वेळ पाहून येणारं दुखणं म्हणजे उष्णतेनं ज्याचा स्वभाव बदलतो अशा कशाचं तरी दुखणं. प्रश्न एवढाच की कशाचा.

आधी काचेचा हिशेब करू, कारण तिच्यावर आळ आहे. सनरूफची काच आडवी साधारण 80 सेंटिमीटर धरली आणि ती 30 अंशांवरून 70 अंशांपर्यंत तापली, तर तिची रुंदी जेमतेम 0.3 मिलिमीटर वाढते. तेवढ्याच तापमानवाढीत तेवढ्याच लांबीचं पोलाद 0.4 मिलिमीटरच्या आसपास वाढतं आणि अॅल्युमिनियम 0.7 च्या वर. म्हणजे काच या सगळ्यांत कमी फुगते. शिवाय ती ज्या चौकोनात बसते तो चौकोन पोलादी छतातला. पत्रा तापला की त्यातलं भोक आकसत नाही, पत्र्याबरोबर तेही वाढतं. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोहार ती तापवून लाल करतो ते याचसाठी. तेव्हा भर दुपारी काच फुगून भोकात अडकते ही गोष्ट घडूच शकत नाही. दुपारी काचेभोवतीची फट झाली तर केसभर मोठीच होते.

त्या फटीत असतं रबर. फुगण्याच्या बाबतीत रबर काचेच्या कितीतरी पुढं असतं, पण खरी अडचण फुगण्याची नसते. नवं रबर ताठ पण लवचिक असतं, काच त्याच्यावरून घसरत जाते. दोन-तीन उन्हाळे खाल्लेलं, धुळीनं माखलेलं रबर तापलं की मऊ पडतं, चिकटतं आणि काचेला धरून ठेवतं. कित्येक जण आठ-दहा महिने सनरूफ उघडतच नाहीत. तेवढ्या काळात रबर दाबलेल्या जागी चिकटून बसतं, आणि मग एखाद्या दुपारी पोरांच्या हट्टापायी उघडायला गेलं की पहिला झटका मोटारीला आणि काच ओढणाऱ्या तारेला बसतो.

काच मागं का जाते, हे मला बिदरच्या एका वयस्क मिस्त्रीनं समजावलं. सनरूफच्या मोटारीजवळ एक छोटं नियंत्रक यंत्र असतं. मोटार किती वेगानं फिरते आहे यावर ते सतत लक्ष ठेवतं. बंद होताना मोटार नेहमीपेक्षा मंदावली की ते असं धरतं की मध्ये कुणाचा तरी हात आला आहे, आणि काच लगेच उलटी फिरवतं. आंतरराष्ट्रीय नियमांत यासाठी 100 न्यूटनची मर्यादा आहे, म्हणजे साधारण 10 किलो वजनाइतका दाब. त्याहून जास्त दाब पडायच्या आत काच मागं फिरली पाहिजे. चिकट रबर मोटारीला असंच मंदावतं. म्हणजे त्या दिवशी उदगीरला गाडीला वाटत होतं की एखाद्या पोराचं बोट अडकलं आहे, आणि ती दर वेळी ते बोट सोडवत होती. हे कळल्यापासून त्या यंत्राबद्दल मला आदर वाटतो. पुढं मोटारीनं आवाज देणं सोडलं, तेही बिघाडामुळं नव्हतं. पुन्हा पुन्हा बटण दाबल्यावर मोटार तापते आणि जळू नये म्हणून काही वेळ स्वतःला बंद करून घेते. पाव-अर्धा तास तिला सोडून दिलं की पुन्हा चालते.

मिस्त्री मूळचा बिदरचाच, दखनी बोलणारा. भाच्यानं त्यालाही काच फुगल्याचं सांगितलं. त्यानं मान हलवली. "काच कू गाली देको क्या फायदा? पहले नाली देखो," म्हणाला, आणि गाडी सावलीत घेऊन छत पूर्ण उघडलं. स्टुलावर चढून त्यानं पन्हळीत बोट फिरवलं आणि ते आमच्यासमोर धरलं. बोटावर काळंकुट्ट, घट्ट झालेलं ग्रीस, त्यात तुरीच्या भुश्शाचे कण, लिंबाचा सुकलेला मोहर, पंख असलेल्या मुंग्या, आणि हळद लावलेले तांदळाचे दाणे. अक्षता! वरातीत छत उघडं ठेवून नवरदेव उभा होता, लोकांनी वरून टाकलेल्या अक्षता सरळ पन्हळीत गेल्या होत्या. कारखान्यातून आलेलं ग्रीस पांढरट, लोण्यासारखं असतं म्हणे. इथल्या एका सुगीच्या धुळीत त्याचा काळा गोळा होतो, आणि मग ते सरकवायचं सोडून अडवायला लागतं.

पुढचं काम त्यानं ज्या सावकाशीनं केलं ते मी शेजारी उभा राहून पाहिलं. जुन्या दातांच्या ब्रशनं दोन्ही पन्हळी आधी कोरड्या झाडल्या. मग पातळ काडीला मऊ धोतराची चिंधी गुंडाळून जुनं ग्रीस पुसून काढलं, चिंधी काळी झाली की बदलायची, पांढरी निघेपर्यंत. रबर साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसलं, पूर्ण वाळू दिलं, बोटाच्या पेरानं दाबत दाबत सगळीकडून चाचपलं, कुठं चीर आहे का, कुठं कडक झालं आहे का. भाच्यानं तेलाची गोष्ट काढली तेव्हा तो पहिल्यांदा जोरात बोलला. खनिज तेल, इंजिन ऑइल, रॉकेल यांनी असलं रबर फुगून सडतं. गोडेतेल आणि खोबरेल धूळ ओढून घेतं. गंज सोडवायचे फवारे मिळतात त्यांनी असलेलं ग्रीसही धुऊन निघतं. रबराला फक्त सिलिकॉन, तेही नखभर, आणि पन्हळीला गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं ग्रीस, पातळ बोट फिरवून. जास्त घातलेलं ग्रीस पुन्हा धूळच धरतं.

शेवटी त्यानं इंजिन चालू करायला लावलं. बॅटरी थकलेली असली तर मोटारीला पुरेशी वीज मिळत नाही, आणि मंद मोटार म्हणजे यंत्राच्या लेखी पुन्हा अडकलेलं बोट. काच दोन्ही बाजूंनी सारखी सरकते का ते त्यानं वाकून पाहिलं. सनरूफला दोन तारा असतात, डावी आणि उजवी, एकाच मोटारीच्या दात्यांवर चालणाऱ्या. काच जोरानं रेटली की एखादी तार दाता सोडते आणि काच तिरपी होते. तसं झालं असेल तर बटणाला हातही लावू नये, गाडी सरळ मिस्त्रीकडं न्यावी. आमची सरळ होती. मग बंद करण्याचं बटण दाबून धरलं, काच जागेवर बसून बारीकसा टक आवाज येईपर्यंत. असं केलं की यंत्र आपला सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू पुन्हा शिकतं. हे शिकवण्याची रीत गाडीगणिक वेगळी असते. ती पुस्तकात असते, आणि पुस्तक बहुतेकांच्या गाडीत प्लास्टिकच्या पिशवीत न उघडता पडलेलं असतं.

मला या सगळ्यात आमची जुनी घरं आठवत राहिली. आमच्याकडची धाब्याची घरं, माळवदाची. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर मातीचा थर, आणि मधल्या खणात उजेड यायला, चुलीचा धूर जायला ठेवलेला झरोका. पाऊस आला की कुणीतरी धावत वर जाऊन त्याच्यावर शहाबादी फरशीचा तुकडा सरकवायचं. छताला भोक ठेवायचं ही काही आम्हाला परदेशातून आलेली कल्पना नाही. पण त्या भोकाचा आकार हातभर, आणि ते सांभाळायची शिस्त घरादाराची होती. मृगाच्या आधी दरवर्षी माळवदावर पांढरी माती टाकली जायची, पन्हाळी मोकळी केली जायची, झरोक्याची कड लिंपली जायची. ज्या घरात एक वर्ष हे राहिलं ते घर त्या पावसाळ्यात गळलंच. बिदरजवळ नौबादला बहमनी काळातला करेझ आहे, जमिनीखालून पाणी नेणारा. त्यालाही ठरावीक अंतरावर वर उघडणाऱ्या विहिरी ठेवल्या आहेत, हवा खेळावी आणि गाळ काढायला माणसाला उतरता यावं म्हणून. बांधणाऱ्यांनी गाळ धरूनच आराखडा केला होता.

मोटारीतलं सरकतं छत मात्र थंड मुलखातून आलं. विल्हेल्म बायर यांनी 1901 साली जर्मनीत काढलेली वेबास्टो कंपनी पुढं याच छतांमुळं नावारूपाला आली. तिकडं उघडं आकाश ही वर्षातल्या थोड्या दिवसांची गोष्ट, म्हणून मिळेल तितकं ऊन अंगावर घ्यायचं. आपल्याकडं गेल्या काही वर्षांत लहान गाड्यांनाही सनरूफ आलं, कारण लोक ते मागतात. मागण्यात काही वावगं नाही. श्रावणात औरादच्या अमरेश्वराला जाताना, ढग उतरलेले असताना, छत उघडून पोरांना आभाळ दिसतं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं त्याची किंमत मी करणार नाही. माझं भांडण विकणाऱ्यांशी आहे. गाडी ताब्यात देताना बटण कसं दाबायचं ते उत्साहानं दाखवतात. पन्हळी कधी पुसायच्या, रबराला काय लावायचं, पाण्याच्या नळ्या कुठून जातात, हे कुणी सांगत नाही. इथल्या धुळीत आणि इथल्या उन्हात ते सांगणं बटण दाखवण्यापेक्षा जास्त गरजेचं आहे.

आणि आमच्या सावलीचाही एक पेच आहे. गाडी लिंबाखाली लावावी असं कुणीही सांगेल, आणि ते बरोबरच आहे. भर दुपारी लिंबाखालची गाडी आणि उन्हातली गाडी यांत फार अंतर पडतं; मिस्त्रीनं पुसलेल्या रबराचं आयुष्य त्या सावलीनं वाढतं. पण लिंब फाल्गुनात पानं गाळतो, चैत्रात मोहर आणि पुढं निंबोळ्या. चिंचेची पानं तर इतकी बारीक की पन्हळीतून सरळ नळीत उतरतात. सनरूफच्या चार कोपऱ्यांत पाणी वाहून न्यायला चार बारीक नळ्या असतात, कारण काच बंद असतानाही रबरावरून थोडं पाणी आत झिरपतं हे बनवणाऱ्यांना ठाऊक असतं. त्या नळ्या पानांनी तुंबल्या की पहिल्या जोरदार पावसात पाणी आतल्या कापडावर, दिव्यावर, पुढच्या सीटवर. उन्हाळ्यात काच अडते आणि पावसाळ्यात छत गळतं, तेव्हा लोक दोन वेगळे बिघाड समजतात. पन्हळ एकच असते. तेव्हा गाडी लिंबाखालीच लावा, वर साधं सुती कापड टाका, आणि आठवड्यातून एकदा फडकं फिरवा.

भाच्याच्या गाडीचं सनरूफ त्यानंतर दुपारीही चालू लागलं. रबराला एका जागी बारीक चीर निघाली होती, ते हैदराबादहून मागवून बदललं. खर्च फारसा नव्हता. एखाद्या मिस्त्रीनं सुरुवातीला काचेसकट सगळा साचा बदलायला सांगितला असता तर भाच्यानं तोही बदलला असता, कारण काच फुगली यावर त्याचा विश्वास बसला होता. असे साचे बदललेले लोक मला माहीत आहेत. नव्या साच्यात नवं रबर आणि नवं ग्रीस असतं, त्यामुळं दुखणं जातंही, आणि काचच दोषी होती हा समज पक्का होतो.

एक गोष्ट मात्र मला कळकळीनं सांगायची आहे. चालत्या गाडीत पोरांना छतातून बाहेर उभं करू नका. बोट अडकलं तर मागं फिरणारं यंत्र आहे. पण अचानक ब्रेक लागल्यावर बाहेर असलेल्या पोराला धरणारं कुठलंही यंत्र त्या छतात नाही. रस्त्यावर झुकलेल्या बाभळी आहेत, खाली आलेल्या विजेच्या तारा आहेत, उसाच्या ट्रॉल्या आहेत. पट्टा लावून सीटवर बसलेल्या पोराला वरचं आभाळ तेवढंच दिसतं. नवरदेवाला उभं राहायचंच असेल तर वरात दारात आल्यावर, गाडी थांबवून, इंजिन बंद करून उभं राहावं.

बाकी काम थोडं आहे. होळी झाली की सुगीची धूळ बसते, तेव्हा एकदा पन्हळी पुसून घ्या आणि रबराला नखभर सिलिकॉन लावा. भर दुपारी काच अडली तर बटण सोडा, गाडी सावलीत न्या, दारं उघडा, अर्धा तास थांबा. आणि मृगाच्या आधी एका संध्याकाळी छत उघडून चारही कोपऱ्यांत पेलाभर पाणी हळूहळू ओता. पाणी गाडीखाली, चाकांच्या आसपास गळताना दिसलं तर नळ्या मोकळ्या आहेत. नाही दिसलं तर पाऊस यायच्या आत मिस्त्रीकडं जा.